सीमेवरचें गांव : अचलपूर-परतवाडा

युरोपांत ऱ्हाईन नदीच्या कांठीं लाउफेनबुर्ग नांवाचें एक लहानसें गांव आहे. गांव एक, नांव एक, परंतु राज्यें दोन. नदीच्या दक्षिण तीरावरील वस्ती स्वित्झर्लंडांत आणि उत्तर तीरावरील वस्ती जर्मनींत. पूर्वीं असें नव्हतें. दोन्ही तीर एकाच धन्याचे होते, मध्यें पूल होता आणि नदींत सापडणाऱ्या सामन माशावर दोन्हीकडच्या कोळ्यांचा चरितार्थ चाले. १८०१ सालीं लुनेविलचा तह झाला, नदी ही हद्द ठरली आणि एका गांवाचीं दोन गांवें झालीं. आज एका तीरावर फ्रँक चालतो, दुसऱ्या तीरावर युरो. तरी आमच्या शिमग्यासारखा जो सण तिकडे हिवाळ्याच्या अखेरीस साजरा होतो, तो दोन्ही तीरांवरील मंडळी एकत्र साजरा करितात. तो साजरा करणारें मंडळ आपला आरंभ १३८६ सालापर्यंत मागें नेतें. राज्यें वेगळीं झालीं म्हणून त्या मंडळाचे दोन तुकडे कोणीं केले नाहींत.

आमचे कित्येक वाचक आम्हांस विचारतात कीं, या सदरांत परदेशचीं गांवें कशाला आणावयाचीं ? वऱ्हाडांतील घरांत बसून ऱ्हाईनच्या पुलाची चौकशी करून लाभ काय ? प्रश्न योग्य आहे. त्याचें उत्तर असें कीं, परक्याच्या घरची व्यवस्था पाहिली म्हणजे आपल्या घरांतील ज्या गोष्टी रोजच्या सवयीनें दिसेनाशा झालेल्या असतात, त्या पुन्हा दिसूं लागतात. वलगावांत आम्ही राहतों, तेथून मोटारीनें दीड-दोन तासांत राज्याची सीमा येते. परंतु आपण सीमेजवळ राहतों, ही जाणीव आमच्या घरांतून कितीशी आहे ? मुलांना स्वित्झर्लंडच्या चारही सीमा पाठ असतात, पण सातपुड्यापलीकडे कोणता जिल्हा आहे, असें विचारलें तर तीं आजोबांच्या तोंडाकडे पाहतात. म्हणून या महिन्यांत आम्ही आमच्याच सीमेवरचें जोडगांव घेतलें आहे : अचलपूर आणि परतवाडा.

वलगाव हें अमरावतीपासून दहा-बारा किलोमीटरांवर पेढी नदीच्या कांठीं आहे. येथून दर्यापूरची वाट फुटते आणि परतवाड्याचीही. परतवाड्याच्या वाटेनें निघावें. दोन्ही बाजूंस काळी जमीन लागते, तींत कपाशी, तूर, सोयाबीन. आसेगावाला पूर्णा ओलांडली कीं उत्तरेस क्षितिजावर एक निळसर रेघ दिसूं लागते. जसजसें पुढें जावें तसतशी ती रेघ उंच होत जाते आणि अखेर तिचा डोंगर होतो. हाच सातपुडा. जुन्या लोकांनीं वऱ्हाडचे तीन भाग पाडलेले आहेत. दक्षिणेकडील उंच पठार तें बालाघाट, मधलें सपाट काळें खोरें तें पयनघाट आणि उत्तरेचा डोंगराळ मुलूख तो मेळघाट. पयनघाट जेथें संपतो आणि मेळघाट जेथें सुरू होतो, नेमक्या त्या उंबरठ्यावर अचलपूर-परतवाडा वसलेलें आहे. सापन आणि बिच्छन या दोन लहान नद्या डोंगरांतून उतरून येथें येतात. वलगावाहून तेथपर्यंतचा रस्ता सुमारें चाळीस किलोमीटरांचा आहे.

आतां नद्यांचा विचार करूं, कारण या सीमेचें खरें मर्म नद्यांत आहे. आमची पेढी पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला मिळते. पूर्णेचा उगम कोठें ? सातपुड्यापलीकडे, बैतुल जिल्ह्यांत, भैसदेहीच्या बाजूस. तापीचा उगम मुलताईस, तोही बैतुल जिल्ह्यांतच. वऱ्हाडची पूर्वसीमा जी वर्धा नदी, तीही मुलताईच्याच मुलुखांत उगम पावते. म्हणजे वऱ्हाडच्या अंगणांतून वाहणाऱ्या तिन्ही मोठ्या नद्यांचें माहेर सीमेपलीकडे आहे. स्नानाच्या वेळीं ज्या नद्यांचीं नांवें आपण घेतों, त्यांच्या माहेराचा पत्ता तरी घरांतील मुलांस ठाऊक असावा.

अचलपूर हें आज तालुक्याचें गांव आहे, परंतु एके काळीं तें राजधानी होतें. १४९० सालीं बहमनी राज्य फुटलें, तेव्हां फत्तेउल्ला इमादुल्मुल्क यानें वऱ्हाडांत इमादशाही स्थापिली आणि अचलपूर, म्हणजे त्या काळचें एलिचपूर, हें तिचें मुख्य ठाणें झालें. १५७४ सालीं अहमदनगरच्या निजामशाहीनें ती गिळंकृत केली आणि १५९६ सालीं वऱ्हाड मोंगलांकडे गेलें. गांवाबाहेर तलावांत उभा असलेला अष्टकोनी 'हौज कटोरा' अद्यापि त्या वैभवाची साक्ष देतो. इंग्रजी अमलांत एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून अमरावती जिल्ह्यांत घातला गेला आणि राजधानीचें गांव प्रथम जिल्ह्याचें व मग तालुक्याचें झालें.

परतवाड्याची गोष्ट निराळी. ती मूळची छावणी. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचें ठाणें येथें होतें आणि फौजेच्या आश्रयानें बाजार वाढला. जुनीं माणसें अद्यापि या भागास 'कॅम्प' म्हणतात. फौज गेली, बाजार राहिला. मेळघाटचें सागवान येथें उतरतें. वखारी, आरा-गिरण्या आणि लाकूडकाम करणारे कारागीर यांची येथें जुनी वस्ती आहे. हंगामांत संत्र्यांच्या गाड्या भरतात. शेजारच्या अंजनगाव-सुर्जीकडील पानमळे आणि पानपिंपळी यांचाही व्यापार मोठा. कोरकू स्त्री-पुरुष डोंगरांतून बाजारास येतात, मीठ-मिरची, कापड घेऊन परत चढतात. अचलपूर हें आठवणींचें गांव आणि परतवाडा हें व्यवहाराचें, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. मध्यें अंतर इतकें थोडें आहे कीं नवख्यास एक कोठें संपलें आणि दुसरें कोठें सुरू झालें हें कळत नाहीं. नगरपालिकाही दोहोंस मिळून एकच आहे.

वर डोंगरांत चिखलदरा आणि गाविलगड. भीमानें कीचकास मारून ज्या दरींत टाकलें ती कीचकदरा, तिचाच चिखलदरा झाला, अशी कथा येथें सांगतात. येथें थोडी कॉफीही पिकते, आणि महाराष्ट्रांत कॉफीचें नांव निघालें कीं चिखलदऱ्याचेंच निघतें. गाविलगड बहमनी सुलतान अहमदशहा वलीनें १४२५ च्या सुमारास बांधविला असें इतिहासकार सांगतात. १५ डिसेंबर १८०३ रोजीं वेलस्लीच्या फौजेनें तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला आणि दोनच दिवसांनीं देवगावचा तह झाला. त्या तहानें वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून सुटला. पुढें वॉटर्लूस नेपोलियनचा पराभव करणारा तो सेनापति हाच. म्हणजे लाउफेनबुर्गचे दोन तुकडे करणारा काळ आणि गाविलगड पाडणारा काळ हे दोन वर्षांच्या अंतरानें एकच आहेत. जगाचा इतिहास आमच्या डोंगरापर्यंत येऊन पोंचतो तो असा.

आतां सीमेकडे वळूं. सीमा म्हणजे डोंगरासारखी कायमची गोष्ट आहे असें आपण समजतों. वऱ्हाडच्या उत्तर सीमेचा इतिहास पाहिला तर तसें दिसत नाहीं. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केलें, तेव्हां सातपुड्याच्या अलीकडे निजामाच्या नांवाचा आणि पलीकडे खुद्द इंग्रजांचा मुलूख होता. १९०२ च्या करारानें वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपये खंडानें कायमच्या पट्ट्यावर गेलें आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून होऊं लागला. १९३६ सालीं 'मध्यप्रांत व वऱ्हाड' हें नांव आलें, १९५० सालीं 'मध्यप्रदेश'. या त्रेपन्न वर्षांत अमरावती आणि बैतुल हे एकाच प्रांतांतील शेजारी जिल्हे होते. कचेरी एक, वरिष्ठ न्यायालय एक, विद्यापीठ एक. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यांत आले, बैतुल नव्या मध्यप्रदेशांत राहिला आणि राजधानी भोपाळास गेली. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. भाषावार प्रांतरचनेची मागणी न्याय्य होती आणि तिचें फळही आम्हांस मिळालें. परंतु कोणतीही रेघ ओढली म्हणजे ती कोणाच्या तरी अंगणांतून जातेच.

त्याच सालीं, रेघ ओढल्यापासून बरोबर सात आठवड्यांनीं, २० डिसेंबर १९५६ रोजीं, संत गाडगेबाबांनीं अमरावतीस नेलें जात असतां वाटेंत वलगावाजवळ, पेढीच्या पुलापाशीं देह ठेविला. बाबांचा जन्म अंजनगाव-सुर्जी तालुक्यांतील शेणगावचा. ज्यानें जन्मभर गांवोगांवचे रस्ते झाडले आणि कोणत्याही हद्दीची पर्वा केली नाहीं, त्या पुरुषाची निर्वाणभूमि आमच्या गांवांत आहे. सीमेचा विचार करितांना आम्हां वलगावकरांस बाबांची आठवण होणें स्वाभाविक आहे.

रेघेनें काय झालें तें सांगतों. मुलताई, बैतुल, भैसदेही या भागांत मराठी बोलणारीं घरें पूर्वींपासून आहेत. वऱ्हाडांतील घरांनीं तिकडे लेकी दिल्या, तिकडच्या सुना आणिल्या. एक प्रांत होता तोंवर यांत कांहीं अवघड नव्हतें. मुलगा नागपुरास शिकला कीं त्याला बैतुलास नोकरी लागे आणि बैतुलच्या मुलास अमरावतीस. १९५६ नंतर शाळांची भाषा निराळी झाली, नोकरीचे दाखले निराळे झाले, परीक्षा निराळ्या झाल्या. पलीकडच्या घरांतील पहिली पिढी मराठींत पत्रें लिहीत असे. दुसरी पिढी मराठी बोले, पण लिही हिंदी. तिसऱ्या पिढींतील मुलें आजीचें मराठी समजतात आणि उत्तर हिंदींत देतात. यांत दोष कोणाचाही नाहीं, आणि हिंदी ही कांहीं परकी भाषा नव्हे. परंतु आत्येच्या आणि मामाच्या मुलांस एकमेकांशीं काय बोलावें तें सुचत नाहींसें झालें म्हणजे एका पिढीनंतर नातें केवळ लग्नपत्रिकेपुरतें उरतें, आणि त्याच्या पुढच्या पिढीस पत्रिकाही जात नाहीं. ज्या कुळांत अशीं पलीकडचीं नातीं आहेत, त्या कुळांतील वडील मंडळींनीं याचा विचार करण्याची वेळ निघून चालली आहे.

सुदैवानें कांहीं गोष्टींनीं रेघ मानिली नाहीं. पहिली बहिरमची यात्रा. परतवाड्याहून बैतुलच्या रस्त्यानें गेलें कीं सीमेला खेटूनच बहिरमबुवाचें, म्हणजे भैरवाचें, ठाणें आहे. मूर्तीस लोणी-शेंदराचें लेपन होतें. डिसेंबरच्या उत्तरार्धांत सुरू झालेली यात्रा जानेवारीअखेर चालते. दोन्ही राज्यांतील शेतकरी बैलगाड्या, मोटारी घेऊन येतात, राहुट्या ठोकतात आणि गोवऱ्यांच्या आरांत रोडगे भाजतात. वरण, वांग्याची भाजी आणि तुपांत कुस्करलेला रोडगा या पंक्तींत कोण कोणत्या राज्याचा हें कोणी विचारीत नाहीं. मांसाहारी मंडळींच्या हंड्यांसाठींही ही यात्रा प्रसिद्ध आहे.

दुसरी मुक्तागिरी. हें जैनांचें सिद्धक्षेत्र. डोंगराच्या कुशींत, धबधब्याच्या भोंवतीं बावन्न मंदिरें. सरकारी दप्तरीं तें मध्यप्रदेशांतील बैतुल जिल्ह्यांत आहे, परंतु यात्रेकरू जातात ते बहुशः परतवाड्यावरून. देव पलीकडच्या राज्यांत आणि देवाची वाट अलीकडच्या राज्यांत, अशी ही मौजेची व्यवस्था आहे.

तिसरे कोरकू लोक. यांची वस्ती मेळघाटांत आहे तशी बैतुल, खंडव्याकडेही आहे. त्यांची भाषा मराठीचीही बहीण नव्हे आणि हिंदीचीही नव्हे. ती मुंडा कुळांतली, झारखंडांतील संथाळी-मुंडारीची दूरची आप्त. त्यांच्या दृष्टीनें आपली मराठी काय आणि हिंदी काय, दोन्ही बाजाराच्या भाषा. कुपोषणानें दगावणाऱ्या बालकांमुळें मेळघाटचें नांव १९९० नंतर देशभर झालें. त्यानंतर पुष्कळ योजना आल्या, तरी पावसाळ्यांत डोंगरांतील आजारी मूल परतवाड्याच्या दवाखान्यापर्यंत वेळेवर पोंचणें हा आजही काळजीचा विषय आहे. सीमेवरचें गांव म्हणजे केवळ व्यापाराचें ठिकाण नव्हे. ज्यांना याहून जवळ कांहींच नाहीं, त्यांचें तें एकमेव मोठें गांव असतें.

येथें 'शकुंतला' आगगाडीचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. मुंबई-नागपूर लोहमार्ग अचलपुरास दूर ठेवून गेला, तेव्हां कापूस वाहण्यासाठीं किलिक निक्सन कंपनीनें मूर्तिजापुराहून अचलपुरापर्यंत अडीच फुटी रुळांचा सुमारें ७६ किलोमीटरांचा मार्ग काढिला. वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत या मार्गावर धावत होतें. गाडी इतकी सावकाश चाले कीं तिची थट्टा होई, पण गरिबाला तिचेंच तिकीट परवडे. ती गाडी आज धावत नाहीं. रुंद रूळ घालून मार्ग पुन्हा सुरू करावा, ही अचलपूरकरांची मागणी जुनी आहे. डोंगराच्या पायथ्याचें गांव लोहमार्गावांचून राहिलें म्हणजे तेथील संत्रीं आणि सागवानच नव्हे, तर शिकणारीं मुलेंही महाग पडतात.

शेवटीं पाणी. वलगावाहून दर्यापूरच्या वाटेस लागलें कीं खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यांत जमिनीखालचें पाणी खारट आहे. विहीर खणावी तर तें पाणी पिण्यास नको आणि पिकासही नको. तेथील घरांतून मूतखड्याच्या तक्रारी पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं येतात. शहानूर धरणाचें पाणी अंजनगाव-दर्यापूरकडील गांवांना नळानें मिळूं लागलें, तेव्हां कोठें तेथील स्त्रियांची गोड्या पाण्यासाठींची पायपीट हलकी झाली. हें पाणी येतें कोठून ? सातपुड्यांतून. म्हणजे खाऱ्या खोऱ्याची तहान डोंगरानेंच भागवावयाची, आणि डोंगर तर दोन राज्यांत वांटला गेलेला.

म्हणून १० मे २०२५ रोजीं भोपाळ येथें महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश यांच्यांत तापी महापुनर्भरण योजनेचा जो करार झाला, तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. तापीचें पुराचें पाणी सातपुड्याच्या पायथ्याशीं जमिनींत मुरवावें, ही त्या योजनेची कल्पना. तीं मध्यप्रदेशांतील बऱ्हाणपूर-खंडव्याबरोबर आमच्या जळगाव, बुलढाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांचाही समावेश आहे. करार झाला म्हणजे पाणी आलें असें नव्हे. जमिनी जावयाच्या आहेत, डोंगरांतील गांवांचे प्रश्न सुटावयाचे आहेत आणि दोन्हीकडच्या हिशेबांचा मेळ बसावयाचा आहे.

या हिशेबांच्या मेळावरून लाउफेनबुर्गचीच एक हकीकत सांगतों. त्या जोडगांवांत ऱ्हाईनवर नवा पूल बांधावयाचा ठरला. दोन्ही तीरांवरून काम सुरू झालें. २००३ सालीं ध्यानांत आलें कीं दोन्ही बाजूंच्या उंचींत ५४ सेंटिमीटरांचा फरक पडतो आहे. कारण काय ? स्वित्झर्लंडचे लोक उंची मोजतात ती भूमध्य समुद्राच्या पातळीवरून, जर्मन लोक मोजतात ती उत्तर समुद्राच्या पातळीवरून. दोहोंत २७ सेंटिमीटरांचें अंतर आहे, हें इंजिनिअरांस ठाऊक होतें आणि त्यांनीं तें हिशेबांत धरिलेंही होतें. परंतु जेथें वजा करावयाचें तेथें मिळविलें गेलें, आणि चूक दुप्पट झाली. चूक वेळेवर कळली, एका बाजूची उंची दुरुस्त केली आणि पूल पुरा झाला. त्याच गांवाजवळ १९५८ सालीं स्वित्झर्लंड, जर्मनी आणि फ्रान्स या तीन देशांनीं आपल्या विजेच्या तारा एकमेकींस जोडल्या. सीमा जेथें आहे तेथेंच जोडणीही झाली.

दोन्ही तीरांनीं आपापला समुद्र प्रमाण धरावा, यांत वावगें नाहीं. मात्र दुसऱ्याचा समुद्र निराळा आहे हें ध्यानांत ठेवून हिशेब दोनदा ताडून पाहावा लागतो. हें जसें पुलाचें, तसेंच पाण्याच्या कराराचें, आणि आम्हांस वाटतें, तसेंच नात्यांचेंही. पलीकडचा भाचा हिंदींत बोलला तर त्याचें मराठी काढीत बसण्याऐवजीं त्याला सुटीत आठ दिवस घरीं ठेवून घ्यावें. घरच्या बोलण्यांतून जी भाषा येते ती टोमण्यांनीं येत नाहीं.

वाचकांस आमची सूचना एवढीच. येत्या नाताळच्या सुटीत घरांतील मुलांस घेऊन परतवाड्यास जावें. अचलपूरचा हौज कटोरा, बहिरमची यात्रा आणि मुक्तागिरी दोन दिवसांत पाहून होतात. चिखलदऱ्यास आणखी एक दिवस ठेवावा, गरम कपडे न्यावे. बहिरमपुढें राज्याची सीमा येईल तेथें गाडी थांबवून मुलांस खालीं उतरवावें आणि दोन्ही बाजूंची माती, झाडें, माणसें पाहूं द्यावीं. निघण्यापूर्वीं घरांतील आजी-आजोबांस विचारून पलीकडच्या आप्तांचीं नांवें व गांवें एका वहींत टिपून घ्यावीं. मुलताई, बैतुल, भैसदेही, कोठें ना कोठें एखादें घर निघेलच. त्या घरीं आधीं पत्र घालावें आणि वाट वांकडी करून तेथें जावें.

पुढील अंकांत आम्ही मुलताईस, तापीच्या उगमाकडे वळूं.